एक यादी, दुसऱ्या यादीच्या क्रमाने

मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला की कार्यकारिणीपुढे एक काम हमखास येते. ज्येष्ठ सभासदांचा सत्कार करायचा आणि तो सभासदत्वाच्या ज्येष्ठतेने करायचा, असे ठरते. सभासदांची यादी तयार असते. तिच्यात सभासद क्रमांक, नाव, पत्ता, फोन सगळे असते; पण कोण कोणत्या वर्षी सभासद झाले ते नसते. ते असते पावत्यांच्या यादीत. तिथे पावतीचा क्रमांक, तारीख, सभासद क्रमांक आणि रक्कम. म्हणजे क्रम लावायचा पहिल्या यादीचा आणि क्रम ठरवणारी माहिती मात्र दुसऱ्या यादीत.

कोणी म्हणेल, सभासद क्रमांक हीच ज्येष्ठता नाही का? असती, जर जुने रजिस्टर फाटल्यावर नवे लिहिताना सगळ्यांना आडनावांप्रमाणे नवे क्रमांक दिले गेले नसते. बहुतेक जुन्या मंडळांत हे कधी ना कधी झालेले असते.

वरवर पाहता हे अर्ध्या तासाचे काम, संगणकावर तर दोन मिनिटांचे. तरी त्यावर लेख लिहावासा वाटला, कारण संस्थेच्या कामात ज्या चुकांनी माणसे मनातून दुखावतात त्यांतल्या बऱ्याच इथे होतात, आणि झाल्या तरी कोणाच्या लक्षात येत नाहीत. शिवाय आपल्या घरांतली अकरावी-बारावीची मुले सीबीएसईच्या अभ्यासक्रमात पायथन शिकतात. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न वेगळ्या कपड्यांत येतो: एका यादीतल्या वस्तू दुसऱ्या यादीतल्या किमतींप्रमाणे लावा. आजोबांनी आणि नातवाने मिळून सोडवावा असा हा प्रश्न आहे.

बँकेत संगणक येण्यापूर्वीची पद्धत ज्यांना आठवते त्यांना यातले मर्म पटकन कळेल. लेजरची पाने खाते क्रमांकाच्या क्रमाने लावलेली असत. खातेदार काउंटरवर येऊन फक्त आडनाव सांगे. मग इंडेक्सची वेगळी वही उघडायची. तिच्यात आडनावे आद्याक्षरांप्रमाणे आणि प्रत्येकापुढे खाते क्रमांक. क्रमांक मिळाला की लेजर काढायचे. नावांच्या क्रमाने काम हवे म्हणून लेजरची पाने उपसून कोणी नव्याने लावत नसे. रोजकीर्द आणि खतावणी यांचेही तसेच. रोजकीर्द तारखेच्या क्रमाने, खतावणी खात्यांच्या क्रमाने, आणि दोहोंना जोडणारा खतावणीचा पान क्रमांक रोजकीर्दीतल्या एका अरुंद रकान्यात. तो रकाना कोरा दिसला की नोंद अजून खतावलेली नाही असे समजायचे.

आपल्या बडोदेकरांना दुसरे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले, हा आपल्या अभिमानाचा विषय. ग्रंथालयातले कार्डांचे खण ज्यांनी हाताळले आहेत त्यांना आठवेल की लेखकाप्रमाणे एक खण, विषयाप्रमाणे दुसरा, पुस्तकाच्या नावाप्रमाणे तिसरा. पुस्तके मात्र कपाटात एकाच क्रमाने उभी. कार्डे हव्या त्या क्रमाने लावा, पुस्तक जागचे हलत नाही; प्रत्येक कार्डावर त्याचा क्रमांक असतो. संगणकवाले आज जे करतात ते याहून फार वेगळे नाही.

आता चूक कशी होते ते पाहू. एक्सेलमध्ये एका रकान्यात नावे आणि शेजारच्या रकान्यात रकमा आहेत. कोणी तरी फक्त नावांचा रकाना निवडतो आणि अकारविल्हे लावायची आज्ञा देतो. एक्सेल विचारते, शेजारचे रकानेही बरोबर घ्यायचे का? घाईत ‘नको, एवढेच’ असे बटण दाबले जाते. नावे सरकतात, रकमा जागच्या जागी राहतात. दोन रकान्यांच्या मध्ये एखादा कोरा रकाना असेल तर एक्सेल विचारतसुद्धा नाही, कारण त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या याद्या असतात.

एका संस्थेच्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी अशीच छापली गेलेली आम्ही पाहिली आहे. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. ज्या बाईंनी यजमानांच्या स्मरणार्थ पाच हजार दिले होते त्यांच्या नावापुढे १०१ रुपये होते, आणि ज्यांनी १०१ दिले होते त्यांच्यापुढे पाच हजार. बाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्या आल्याच नाहीत, तेव्हा कोणीतरी चौकशी केली आणि मग सारा प्रकार उघड झाला. यादीची बेरीज हिशेबनिसांनी दोनदा तपासली होती आणि ती पै न् पै बरोबर होती.

यात नवल काही नाही. बीकॉमच्या पहिल्या वर्षाला शिकवतात की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहेत असे नव्हे. काही चुका तेरजेत दिसतच नाहीत, आणि त्यांत मोठी चूक हीच: रक्कम बरोबर, बाजू बरोबर, पण खाते भलत्याच माणसाचे. याद्या सरकल्या की नेमके हेच होते. बेरीज तीच, नावे तितकीच, एकही आकडा हरवलेला नाही. म्हणून क्रम लावल्यावर बेरीज तपासून उपयोग नाही. दोन-चार ओळखीची माणसे घ्यावीत, एक यादीच्या सुरुवातीचे, एक मधले, एक शेवटचे, आणि त्यांच्या मूळ पावत्यांशी ताडून पाहावे.

मग बरोबर पद्धत कोणती? दोन याद्यांना जोडणारा दुवा जागेचा नसावा, ओळखीचा असावा. ‘या यादीतली सातवी ओळ म्हणजे त्या यादीतली सातवी ओळ’ हा जागेचा दुवा. एक ओळ मध्ये घुसली की तुटला. ‘या यादीतला सभासद क्रमांक २१४ म्हणजे त्या यादीतला २१४’ हा ओळखीचा दुवा. कोणतीही यादी कशीही हलवा, तो टिकतो.

नाव हा दुवा म्हणून चालेल का, असे नेहमी विचारले जाते. आमचे उत्तर स्पष्ट नाही असे आहे, आणि आपल्यासारख्या मंडळांत तर मुळीच नाही. गुजरातेत कागदोपत्री आडनाव आधी लिहितात, मग नाव, मग वडिलांचे वा पतीचे नाव. घरी आपण नावाने सुरुवात करतो. त्यामुळे एकच गृहस्थ सभासद यादीत एका क्रमाने आणि पासबुकातल्या नोंदीत दुसऱ्या क्रमाने सापडतात. काही नावे देवनागरीत, काही गुजरातीत, काही इंग्रजी लिपीत. माणसाला ती एक दिसतात, संगणकाला तीन. नावापुढे चुकून पडलेली मोकळी जागासुद्धा त्याच्या लेखी एक अक्षर असते. आणि खास मराठीतला घोळ तर डोळ्यांना दिसतही नाही. कऱ्हाडकर किंवा गोऱ्हे या आडनावांतला अर्धा ‘र’ संगणकावर दोन तऱ्हांनी उमटवता येतो: नुक्त्याचा ‘ऱ’ वापरून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह टाकून. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखे. पण आतले संकेतांक वेगळे, म्हणून जुळवणीत गोऱ्हे यांना गोऱ्हे सापडत नाहीत. सभासद क्रमांकाला असले रुसवेफुगवे नसतात. फक्त तो दोन्हीकडे संख्या म्हणूनच ठेवावा. एकीकडे संख्या आणि दुसरीकडे मजकूर असेल तर तिथेही जुळणी फसते, आणि मजकूर म्हणून क्रम लावला तर १० हा २ च्या आधी येतो, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते.

दुवा ठरला की एक्सेलमध्ये काम सोपे आहे. सभासद यादीत एक नवा रकाना जोडायचा आणि पावत्यांच्या यादीतून प्रत्येक क्रमांकापुढचे वर्ष तिथे ओढून आणायचे. मग सगळे रकाने एकत्र निवडून त्या वर्षाप्रमाणे लावायचे. ओढून आणण्यासाठी व्हीलुकअप हे जुने सूत्र बहुतेकांना माहीत असते. त्यात एक खोच आहे. सूत्राचा चौथा भाग लिहिला नाही, तर एक्सेल तंतोतंत जुळणी करत नाही. यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असे गृहीत धरून जवळपासची नोंद उचलते. २१४ क्रमांक पावत्यांत नसेल तर २१३ चे वर्ष गुपचूप आणून ठेवील. चौथ्या जागी ‘फॉल्स’ लिहिले की ही भानगड मिटते. नव्या आवृत्त्यांतले एक्सलुकअप हे सूत्र मुळातच तंतोतंत जुळणी करते, म्हणून ज्यांच्याकडे ते असेल त्यांनी तेच वापरावे.

दुसरी खोच पावत्यांची. एका सभासदाच्या अनेक पावत्या असतात आणि ही सूत्रे साधारणपणे वरून पहिली सापडेल तीच उचलतात. पावत्या तारखेप्रमाणे असतील तर पहिली पावती म्हणजे सभासदत्वाचे वर्ष, ठीक. नसतील तर त्या क्रमांकाच्या सर्वांत जुन्या तारखेसाठी मिनइफ्स हे सूत्र घ्यावे, आणि देणग्यांची एकूण रक्कम हवी असेल तर समइफ. वर्ष हवे आहे की बेरीज, याचा निर्णय आधी करावा लागतो. तो सूत्र करत नाही.

मूळ यादीला हातच लावायचा नसेल तर एक्सेलच्या २०२१ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत सॉर्टबाय नावाचे सूत्र आहे. त्याला एक यादी द्यायची, शेजारी तिच्याच लांबीचा किमतींचा रकाना द्यायचा, आणि ते दुसऱ्या जागी नवी, क्रमाने लावलेली यादी उभी करते. मूळ यादी जशीच्या तशी. ग्रंथालयातल्या कार्डांसारखेच झाले की हे! ज्यांच्याकडे हे सूत्र नाही त्यांनी क्रम लावण्यापूर्वी एका रकान्यात १, २, ३ असे अनुक्रमांक घालून ठेवावेत. परत मूळ क्रमावर येता येते. एवढी एक सवय लावून घेतली तरी निम्मी चिंता कमी होते.

आता नातवंडांकडे वळू. पायथनमध्ये मुले बहुधा दोन याद्या घेतात, एक नावांची, एक वर्षांची, आणि ‘झिप’ नावाच्या साधनाने त्यांच्या जोड्या करतात. पहिले वर्ष पहिल्या नावाशी, दुसरे दुसऱ्याशी. मग जोड्यांचा क्रम लावून त्यांतली नावे वेगळी काढतात. हे चालते, पण हा जागेचाच दुवा आहे. एका यादीत एक नोंद कमी असेल तर झिप तक्रार करत नाही. जिथे लहान यादी संपेल तिथे थांबते. पुढचे सभासद गळून जातात. चांगली रीत म्हणजे दुसरी यादी ‘डिक्शनरी’च्या रूपात ठेवायची, सभासद क्रमांक दिला की वर्ष मिळेल अशी. मग ‘सॉर्टेड’ या आज्ञेला सांगायचे की प्रत्येक सभासदाचा क्रम ठरवताना या डिक्शनरीत पाहा. असे सांगण्यासाठी त्या आज्ञेत किल्ली या अर्थाच्या इंग्रजी नावाची जागा ठेवलेली आहे. आज्ञा प्रत्येक नोंदीसाठी एकदाच तिथे डोकावते आणि मिळालेल्या उत्तरांप्रमाणे नोंदी लावते. जुन्या इंडेक्सच्या वहीचेच हे रूप.

बरोबरी झाली तर? १९७२ साली पाच जण एकदमच सभासद झाले असतील, तर त्यांच्यात पुढे कोण? पायथनचा क्रम लावण्याचा मार्ग टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये रचला. बरोबरीच्या नोंदींचा आपसातला आधीचा क्रम त्यात बिघडत नाही. म्हणून यादी आधी नावाप्रमाणे लावून मग वर्षाप्रमाणे लावली, की त्या पाच जणांची नावे आपोआप नावाच्या क्रमाने राहतात. कुणाला पुढे-मागे केल्याचा आरोप येत नाही. आमच्या मते हे आधीच जाहीर करावे: समान वर्षी सभासद झालेल्यांचा क्रम नावाप्रमाणे. चहाच्या वेळची कुजबुज टळते.

पण खरा पेच बरोबरीचा नाही, गहाळ नोंदीचा आहे. ज्या सभासदाची पावती सापडतच नाही त्याचे काय? जुनी पावतीपुस्तके भिजलेली असतात, वाळवीने खाल्लेली असतात. पायथन अशा वेळी काम थांबवून चूक दाखवते, आणि हा त्याचा उपकारच समजावा. पण मुले लगेच शिकतात की ‘सापडले नाही तर शून्य धर’ असे लिहिले की चूक नाहीशी होते. वर्ष शून्य धरले की ते गृहस्थ १९५० च्या संस्थापकांच्याही आधी, यादीच्या अगदी माथ्यावर. शून्याऐवजी ९९९९ धरले की पार तळाला. एक्सेलमध्ये शोधलेला खाना कोरा असेल तर सूत्र त्याला शून्य समजते, आणि त्या रकान्याला तारखेचे रूप दिलेले असेल तर तिथे १९०० सालच्या जानेवारीची शून्य तारीख झळकते. अशी तारीख ना पंचांगात, ना कॅलेंडरात, पण क्रम मात्र तिच्यावरून लागतो.

बँका, विमा कंपन्या यांच्या मोठ्या डेटाबेसमध्ये एस्क्यूएल भाषेत दोन तक्ते जोडून क्रम लावतात. तिथे तर माणूस नाहीसाच होऊ शकतो. ‘इनर जॉइन’ने जोडले तर दोन्ही तक्त्यांत असलेल्याच नोंदी येतात, पावती नसलेला सभासद यादीतून अदृश्य. ‘लेफ्ट जॉइन’ने जोडले तर सगळे सभासद येतात आणि ज्यांची पावती नाही त्यांचे वर्ष कोरे राहते. मग कोऱ्या नोंदी आधी की नंतर? ओरॅकल आणि पोस्टग्रेस चढत्या क्रमात त्या शेवटी टाकतात, मायएसक्यूएल आणि मायक्रोसॉफ्टचे एस्क्यूएल सर्व्हर सुरुवातीला. म्हणजे ऐंशी वर्षांच्या आजींचा मान पहिला की शेवटचा, हे कोणत्या कंपनीचे सॉफ्टवेअर घेतले यावर ठरायचे! म्हणून जोडणीपूर्वी आणि नंतर सभासदांची संख्या मोजावी, आणि ज्यांची नोंद सापडली नाही त्यांची वेगळी यादी करून एकेकाला फोन करावा. घरात जुनी पावती, निमंत्रणपत्रिका, स्मरणिका, काहीतरी सापडतेच.

क्रम ठरवणारी दुसरी यादी नेहमी आकड्यांचीच असते असे नाही. जयंती-पुण्यतिथींची यादी मराठी महिन्यांप्रमाणे लावून पाहा. संगणकाला सोडून दिले तर तो आश्विनाने सुरुवात करील, मग आषाढ, मग कार्तिक, आणि चैत्र चौथा. त्याला चैत्र ते फाल्गुन अशी दुसरी यादी द्यावी लागते. एक्सेलमध्ये तिला कस्टम लिस्ट म्हणतात. पदाधिकाऱ्यांचे गमतीचे आहे. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यवाह, कोषाध्यक्ष हे अकारविल्हेसुद्धा बरोबर मानाच्या क्रमानेच येतात, आणि त्यावर विसंबून राहावे तर सहकार्यवाह जातात सदस्यांच्याही मागे. खुद्द वर्णमालाही अशीच दुसरी यादी आहे. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ला ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये जागा मिळाली आहे. आपण शाळेत तो ‘ह’च्या नंतर शिकलो. निव्वळ संकेतांकांवर विसंबणारा प्रोग्राम दळवींना दवेंच्या आधी नेतो, आपल्या शब्दकोशाच्या रीतीने दवे आधी. मिश्र लिपीच्या यादीत तो आधी सगळी इंग्रजी लिपीतली नावे, मग देवनागरी, मग गुजराती असे तीन ढीग करतो.

शेवटी एक प्रकार, जो कोणत्याही सूत्रात बसत नाही. पूर्वी घरातले सभासदत्व बहुधा पुरुषाच्या नावाने घेतले जाई. यजमान गेल्यावर ते पत्नीच्या नावाने झाले, नवा क्रमांक पडला, नवी पावती फाटली. संगणक त्या पावतीची तारीख वाचणार आणि त्यांना २०११ च्या सभासद ठरवणार. प्रत्यक्षात हळदीकुंकवापासून गणेशोत्सवाच्या स्वयंपाकापर्यंत त्या १९६८ पासून मंडळात राबत आलेल्या असतात. यावर कार्यकारिणीने एकदा ठराव करावा, सभासद यादीत ‘ज्येष्ठता वर्ष’ असा स्वतंत्र रकाना घालावा, आणि जिथे ते पावतीच्या वर्षापेक्षा वेगळे असेल तिथे शेजारी ठरावाची तारीख लिहावी. क्रम त्या रकान्यावरून लावावा. वर्धापनदिनाच्या आधी महिनाभर हे झाले तर निमंत्रणपत्रिकाही त्याच क्रमाने छापता येतील.